शिडीचा धनी

चपला काढून कल्याण शनिदेवापुढं उभा राहिला, पण मान काही वर होईना.

शेजारी कानिफनाथ. एकेकाळी दोघांचा नगरच्या एमआयडीसीत भागीत कारखाना होता. काचेचे धागे रेझीनमध्ये भिजवायचे, तापल्या साच्यातून ओढायचे आणि वायरमनसाठी फायबरच्या शिड्या करायच्या. ही पद्धत शोधली कानिफनाथनं, पेटंट मात्र कल्याणनं गुपचूप आपल्या नावावर करून घेतलं. भागी मोडली. कानिफनाथनं दावा ठोकला आणि दिसेल त्याला सांगत सुटला, कल्याण चोर आहे. कल्याणच्या पोरीच्या साखरपुड्यातसुद्धा गेला आणि व्याह्यांसमोर तेच बोलला. त्या दिवशी कल्याणला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आज त्यानंच फोन करून शिंगणापूरला बोलावलं होतं. इथं खोटं बोलायची छाती कुणाची? म्हणून तर कानिफनाथ आला, गावातली चार माणसं साक्षीला घेऊन.

"पद्धत कानिफची हाय," कल्याण म्हणाला. "रेझीन किती, धागा किती, साचा किती तापवायचा, समदं त्याचं. आजबी आमी तशीच शिडी करतो, तसूभर फरक न्हाई. मी उगाच धनी झालतो. लाज वाटती मला."

मागं त्याची बायको मोनिका तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं कानिफनाथकडं बघितलंच नाही.

कानिफनाथला कसंनुसं झालं. ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्याची अब्रू आपण भर मांडवात काढली. जिंकल्याचा आनंद राहिला बाजूला, त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"वहिनी, माफ करा," तो म्हणाला. "पोरीच्या कार्यात तसं बोलायला नको हुतं."

"माफी नका मागू भाऊजी," मोनिका पुटपुटली. "मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

"तूबी बोल देवापुढं," कल्याण म्हणाला. "मागनं कुणाला शंका नको."

कानिफनाथनं हात जोडले. "शिडी माझी. पद्धत माझी. दुसऱ्या कुणाचं त्यात बोटसुद्धा न्हाई."

साक्षीदारांनी मोबाईलवर शूटिंग घेतलं. दोघं गळ्यात पडले, पेढे वाटले, आणि कानिफनाथ डोळे पुसत घरी गेला.

गाडीत बसल्यावर मोनिकाला रडू आवरेना. कल्याणनं काच वर केली आणि वकिलाला फोन लावला.

"झालं. चौघांसमोर कबूल केलंय त्यानं. आता खर्डा गावाजवळ आपली शिडी मोडून तो वायरमन मेला ना, त्या केसमधनं माझं नाव काढा आन् त्याचं घाला."