चिकूखालची चार कुत्री

बायकोचे, आनंदीचे, पाय पुसता पुसता नरहरीला तिच्या घोट्यावर दातांच्या खुणा दिसल्या. तिला त्याचा पत्ताच नव्हता. मल्टिपल स्क्लेरॉसिस या नसांच्या आजारानं तिचे पाय कधीच बधिर केले होते.

तेव्हा पोटात टोचायची जुनीच लस मिळे. डॉक्टर विचारात पडले. "कुत्र्याची लस म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. ती कधीकधी नसांवरच उलटते, आणि हिचा आजार नसांचाच. पण कुत्रा पिसाळलेला असला आणि लस दिली नाही, तर ही वाचायची नाही."

"मंग देयाची का नाय?" नरहरीनं विचारलं.

"कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो धडधाकट राहिला, तर लस नको."

पण कुत्रा कुठला? नरहरीनं माकुणसारच्या आपल्या आळीतली चारही कुत्री धरून वाडीत चिकूखाली बांधली. ज्यांना जन्मभर दगड मारले, त्यांना स्वतःच्या हातानं दूधभात भरवला.

दहाव्या दिवशी चारही शेपट्या हलल्या. नरहरीच्या जिवात जीव आला. "सुटलीस गो! चारी कुत्री ठणठणीत हायेत."

आनंदीनं घोट्यावरच्या खुणांवर बोट ठेवलं.

"अहो, पन मला कुत्राच चावला, ह्ये तुमाला सांगितलं कुनी?"