करवंदीचं मूळ

"कृपया आपलं नाव सांगा," दार तिसऱ्यांदा म्हणालं.

बुधी गप्प उभी राहिली. तिच्या मुठीत करवंदीचं मूळ होतं, ओल्या मातीसकट. खणल्यापासून जखमेला लावेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर मुळातलं औषध जातं. तिची आई असंच आणायची. काचेपलीकडे तिचा नवरा कान्हू पडला होता. पायातल्या जखमेवर इस्पितळातली सगळी औषधं करून झाली, तेव्हा त्यानंच तिला डोंगरावर धाडलं होतं.

या इस्पितळात आता माणसं कामाला नव्हती. दारं आवाज ओळखून उघडायची, आणि कान्हूच्या दाराला फक्त बुधीचा आवाज ठाऊक होता.

"वहिनी, नुसतं नाव सांग," तिचा दीर राघू म्हणाला. "एवढ्यानं काय होतंय?"

तिनं मान हलवली. राघूनं काचेवर लाथा घातल्या, मग तो भिंतीला टेकून बसला.

दुपार कलली. आतल्या यंत्रावरची हिरवी रेघ सरळ झाली आणि दार आपोआप उघडलं. यंत्राच्या लेखी खोली रिकामी झाली होती.

बुधी आत गेली. बरोबर आणलेल्या दगडानं तिनं मूळ ठेचलं, कान्हूच्या जखमेवर सगळीकडून नीट लावलं, वर चिंधी बांधली. हात पदराला पुसले.

मग ती दाराकडे वळून म्हणाली, "बुधी कान्हू वारघडे."

"धन्यवाद," दार म्हणालं. "आत या."