शंभरातले बावीस

"औषध पिवळं आहे. आधी नुसत्या औषधातून दिव्याचा निळा उजेड किती पार होतो ते मोज, मग पेशींकडे वळ," मीटरकाका म्हणाले होते. प्रयोगशाळेतली यंत्रं तेच सांभाळत. घरी काकूंना ताप आला तर हे दोन थर्मामीटर लावतात, अशी त्यांची ख्याती.

"काका, तुम्ही चहाचा रंग बघूनही मीटर काढाल," ती हसत म्हणाली होती. लेकीचं पाळणाघर साडेपाचला बंद होई. तेव्हा सव्वापाच झाले होते. मोजायचं राहून गेलं.

त्याला तीन आठवडे झाले. आज सकाळी ती दुसऱ्या एका पेशंटची प्लेट तयार करत होती. पारदर्शक प्लेट, तिच्यात चोवीस खळगे. अर्ध्यात साधा द्राव, अर्ध्यात तेच पिवळं औषध. निळा दिवा नीट लागतोय का हे बघायला तिनं प्लेट दिव्यासमोर धरली, आणि ॲप्रनच्या बाहीवर निळे ठिपके उमटले. चोवीस असायला हवे होते. तिनं मोजले. बारा. बाकीचे बारा असून नसल्यासारखे.



तिची तान्ही कावीळ घेऊन जन्मली होती. चार दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी. "पिवळं निळ्याला पिऊन टाकतं, म्हणून तर हा दिवा," नर्सनं सांगितलं होतं. काचेला नाक लावून तिनं ते वाक्य जप केल्यासारखं घोकलं होतं. जगात आणखी कुणाला नाही तरी तिला हे ठाऊक असायला हवं होतं.

"काका, मीटर आणा."

काकांनी मीटर खळग्यावर टेकवला. साध्या द्रावातून शंभर. पिवळ्यातून बावीस. त्यांनी पुसून पुन्हा टेकवला. बावीसच.

सतरा नंबरच्या पेशी दोघांच्याही डोळ्यांसमोर होत्या. सतरा नंबर म्हणजे एक दहा वर्षांची मुलगी. तिच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेऊन त्यातून इथे तिच्या हृदयाच्या पेशी घडवल्या होत्या, उजेडाला दाद देतील अशा; निळा दिवा लुकलुकला की त्या धडकत, भरभर लुकलुकला की भरभर, आणि फार पळवल्या की भरकटत. तिचं हृदय भरकटे तसंच. पिवळ्या औषधात मात्र त्या संथ राहिल्या. दिवा पळवत होता, तरी पेशी आपल्या चालीनं. केवढा आनंद झाला होता सगळ्यांना. रिपोर्ट मुलीच्या डॉक्टरांकडे गेला, खाली तिची सही. मुलीची जुनी गोळी बंद झाली, ही सुरू झाली.

औषधानं पेशींना आवरलं नव्हतं. पळा म्हणणारा दिवाच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

एकदा आईबरोबर ती मुलगी इथे आली होती. पडद्यावर आपल्या पेशी धडधडताना बघून म्हणाली, "वा गं वा. मी इथे गप बसलेय, आणि हे मला न विचारता पळतंय."

"मी आधी सगळं पुन्हा करून बघते," ती आता म्हणाली. "एकदा खात्री झाली की मग—"

"पुन्हा करायला किती वेळ?"

"चार तास."

"मग आधी फोन कर," काका म्हणाले. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या सहायक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं बाई. आज तिची शर्यत आहे ना. तुमचा रिपोर्ट बघूनच तर डॉक्टरांनी हो म्हटलं. शाळेच्या मैदानावर, अकराला. कालपासून तिची आई पेढा खाल्ल्यासारखी बोलतेय."

भिंतीवर दहा चाळीस.

आईचा फोन वाजत राहिला. शाळेचा कुणी उचलला नाही. सगळी शाळा मैदानात असणार. काकांनी तिच्या हातातून प्लेट काढून घेतली. "तू नीघ. मी इथून फोन लावत राहतो."

ती ॲप्रनसकट खाली आली. टॅक्सीत बसली, दुसऱ्या चौकात टॅक्सी अडकली, ती उतरली आणि पळायला लागली. छाती भात्यासारखी चालली होती. तिची छाती कितीही चालली तरी तिला काही होणार नव्हतं, आणि याचीच तिला लाज वाटत होती.

दहा छप्पन.

शाळेच्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवत होती. कुणी थबकत होतं, कुणी ॲप्रनकडे बघून बाजूला होत होतं. तुम्ही हे वाचताय, म्हणून ती तुम्हालाही विचारतेय:

"तुम्ही पाण्याच्या टाकीच्या जवळ आहात का? मागेच शाळेचं मैदान आहे. जरा बघा ना. दोन घट्ट वेण्या, डाव्या दंडावर मसुराएवढा व्रण. ओळीत उभी असेल तर हात धरून तिला खाली बसवा. रडेल, तरी उठू देऊ नका. का ते मी येऊन सांगते."