शेजारची खाती

संक्रांतीच्या दिवशीही हेमांगी ऑफिसात एकटीच चाचणी घेत बसली होती. शहराचा सगळा व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डिजिटल खातेवहीवर चाले, अगदी तिळगुळाचे निरोपसुद्धा. वेग वाढावा म्हणून त्या खातेवहीचे तुकडे, म्हणजे शार्ड, पाडले होते. ज्यांचं एकमेकांशी येणं-जाणं जास्त, त्यांची खाती यंत्रणा आपणहून एकाच शार्डमध्ये ठेवी.

व्यवहार आणि निरोप असा सगळा मिश्र भार शार्डला पेलतो का, हे बघायला हेमांगीने चाचणीच्या एका वेगळ्या शार्डमध्ये हजारो खोटी माणसं रचली होती. ती बिलं भरत, तिकिटं काढत, तिला सणासुदीचे निरोप धाडत, आज तिळगूळ. कुणी बघत नाही ना याची खात्री करून ती त्यांना उत्तरही देई, आज ‘गोड बोला’ असं.

फोन वाजला. पलीकडे देखभालीचा निहाल होता.

“ताई, चाचणीचा शार्ड आज पुसायचाय, पण त्यात एक खरं खातं निघालंय. तुमचं.”

“माझं? ते तिथे कसं गेलं?”

“वर्षभर तुमचा व्यवहार त्या खोट्या खात्यांशीच झालाय ना...” तो जरा घुटमळला. “हलवतो मी. तुमच्या जवळच्या कुणाचंही एक नाव सांगा, त्यांच्या शार्डमध्ये टाकतो.”

हेमांगीच्या ओठांवर भराभर नावं आली. सगळी तिनेच रचलेली होती.