खाणीजवळची विहीर

वैदेहीनं डब्यातली लाल भुकटी खाणीच्या खड्ड्यात रिकामी केली आणि साचलेलं पाणी बघता बघता झगझगीत हिरवं झालं.

"आता गं बाई! रंगपंचमी खेळायलीस का इथं?" काठावरून बायनाबाई ओरडली.

"विषारी नाही हो मावशी. खड्ड्यातलं पाणी जमिनीतून कुठं जातं ते यानं कळतं. तुमच्या विहिरीत हिरवी झाक दिसली, की समजायचं खाणीचं पाणी तिथं पोचतंय."

"आन् मंग?"

"मग खाणीत ओतला जाणारा टँकर बंद. आणि विहीरही."

"टँकर कर की बंद. हिरीनं तुझं काय घोडं मारलंय?"

वैदेहीनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

चुनखडी संपल्यावर राणीसावरगावच्या अलीकडची ही खाण तशीच सोडून दिली होती. पुढं कुठल्याशा कारखान्याचा सांडपाण्याचा टँकर इथं येऊन रिकामा होऊ लागला. वस्तीची विहीर खाणीपासून हाकेच्या अंतरावर, उतारावर. काळ्या दगडात खोदलेली. सगळी वस्ती तिचंच पाणी पीत होती.

वैदेहीचे वडील, काशीनाथ मास्तर, निवृत्तीनंतर इथं आखाड्यावर, शेतातल्या पत्र्याच्या घरात, एकटेच राहायचे. उन्हाळ्यात ते गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. "पाण्यातून काहीतरी पोटात जात असणार," असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले. वैदेहीला वेगळं सांगायची गरज नव्हती. भूजलाचा अभ्यास हेच तिचं काम. ते हयात असतानाच, टँकरची खबर कळल्याबरोबर ती पुण्याहून आली होती आणि शेताच्या वरच्या टोकाला, खाणीपासून लांब, तिनं खोल बोअर घेऊन दिला होता.

"बाबा, विहिरीचं पाणी आता तोंडाला लावायचं नाही."

"बरं," मास्तर म्हणाले होते.

पण मास्तर पडले हट्टी. तिनं फोन केला आणि त्यांनी उचलला नाही, की ती बायनाबाईच्या मुलाला, आश्रुबाला विचारायची. उत्तर ठरलेलं. "मास्तर हिरीवर बसलेत, ताई." शेवटचं बोलणंही त्यावरूनच झालं.

"तुम्ही रोज विहिरीवर जाता ना?"

"जातो की. चार माणसं भेटतात."

"म्हणजे माझं ऐकायचंच नाही."

"तू जेवलीस का?"

तिनं फोन ठेवून दिला होता.

विहिरीचं पाणी तिनं प्रयोगशाळेत तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. टँकर काही रोज येत नव्हता. नमुना नेमका चुकीच्या दिवशी घेतला गेला असणार, असं तिनं धरलं. म्हणून हा रंग. कागदावरचा अहवाल फिरवता येतो, रंग नाही. विहीर हिरवी झाली की बाबा कशानं गेले, हे कुणाला नाकारता येणार नव्हतं.

रोज सकाळी ती विहिरीत बाटली सोडायची आणि उन्हासमोर धरायची. पाणी नितळ. बायनाबाई तांब्या घेऊन यायची.

"एवढ्या उन्हात आलीस. घोटभर पे तरी."

"नको मावशी, आत्ताच प्यायले."

"बापाचीच लेक हायस," म्हणत बायनाबाई तांब्या परत न्यायची. हट्टीपणाबद्दल बोलतेय, असं समजून वैदेही कसनुसं हसायची.

आखाड्यावर बोलायला कुणी नव्हतं. भिंतीवर खडूनं, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, कुठल्या वारी लाइट कधी येते ते लिहिलेलं. ती एका माणसापुरता भात लावायची. मास्तरांचा कुकर तेवढाच होता. रात्री वारा सुटला की पत्रा वाजायचा आणि ती उगाच दाराकडं बघायची.

विहीर काही हिरवी होईना.

मग एके सकाळी लाइट आली. तिनं बोअरची मोटार चालू केली आणि पांढरी बादली नळाखाली धरली. बादलीत हिरवट झाक दिसली. आपल्याच हाताचा रंग लागला असेल, म्हणून तिनं हात धुतले, बादली घासली, पुन्हा भरली आणि उन्हात नेली.

पाणी हिरवं होतं.

ती तशीच विहिरीकडं धावली. विहीर नितळ होती.

ती कठड्यावर बसली. खाणीतला चुनखडीचा थर चढाखालून वर, तिनं स्वतः निवडलेल्या बोअरच्या जागेपर्यंत गेला होता आणि खोल बोअर खाणीचं पाणी त्यातूनच ओढत होता. काळ्या दगडातल्या विहिरीला त्यानं बगल दिली होती. एवढं कळायला तिला नकाशा लागला नाही. मग बाबा आठवले. रोज इथं येणारे, तिचं न ऐकणारे. ते गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा हट्ट तिला गोड वाटला. बरं झालं ऐकलं नाहीत. आजार दुसऱ्या कशाचा असेल. वय झालंच होतं. तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आलं.

बायनाबाई तांब्या घेऊन आली. वैदेहीनं आज हात पुढं केला आणि घटाघटा सगळा तांब्या संपवला.

"मावशी, तुमच्या विहिरीला काही झालं नाही. आता ती कुणी बंद करणार नाही."

बायनाबाई तिच्याशेजारी टेकली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लय बरं वाटलं बाई, तू पेलीस ते. मास्तर रोज हितंच बसायचे, पर आमच्या तांब्याला कधी हात लावला न्हाई. बोअरची बाटली संगं आणायचे. म्या रागं भरायचे, तर हसायचे नुसते. म्हणायचे, बायनाबाई, लेकीला शब्द दिलाय."