कंपनीचीच लेन्स

वसंतरावांचा जीव कॅमेऱ्याच्या कंपनीचीच लेन्स घेण्यावर अडला होता. त्यांच्या पत्नी यमुताईंना मात्र दुसऱ्या कंपनीची स्वस्त लेन्स पसंत. शेवटी सदर बाजारातल्या दुकानदाराने दोन्हींनी ताईंचाच फोटो काढून दाखवला. कंपनीची लेन्स अशी तिखट नजरेची, की सुरकुत्या तर सोडाच, संध्याकाळी येणारा रागही दुपारीच चेहऱ्यावर उमटला. स्वस्त लेन्सने मात्र दहा वर्षं पुसून टाकली.

"पाहा, हीच अस्सल!" यमुताई म्हणाल्या. "ते महागाची खराब हाय."

"बरोबर हाय वं तुह्यं," वसंतराव पडेल आवाजात म्हणाले. "परवाच्या लग्नात मोठ्या वहिनीचेही फोटो हिनंच काढतो."

यमुताई थबकल्या. जाऊबाई दहा वर्षांनी लहान दिसणार?

"भाऊ," त्या दुकानदाराकडे वळल्या, "दोन्ही बांधा."