हिरवळ

डोळे गेल्यापासून कुमुद घराबाहेर पडलीच नव्हती. शैलजा आणि वृंदा या तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. त्यांनी त्या दिवशी तिला हट्टानं संग्रहालयात नेलं.

एका जुन्या चित्रासमोर शैलजा म्हणाली, "अगं, बघ ना, ही बाई किती..." आणि जीभ चावून गप्प झाली.

"थांबलीस का? सांग ना, कशी आहे?" कुमुदनं विचारलं.

"रागावलेली."

"रागावलेली कुठं? रुसलीय ती," वृंदा म्हणाली. दोघींची चांगलीच जुंपली.

"अंगावर दागिने आहेत का गं?" कुमुदनं मध्येच विचारलं.

"भरपूर."

"मग चित्रकारानं दिवसभर बसवून ठेवलं असणार. कंटाळलीय बिचारी!" आणि कुमुद खळखळून हसली. किती महिन्यांनी हसली होती ती.

संध्याकाळी तिघी शेजारच्या बागेत गेल्या. मैत्रिणींनी दोन्ही बाजूंनी कुमुदचे हात धरले होते. हिरवळ लागताच तिनं चपला काढल्या.

"पुढं काय आहे?"

"नुसतं गवत. पार भिंतीपर्यंत."

"मग सोडा मला. पडले तरी गवतावरच पडेन."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि हात सोडले. कुमुद एकटीच निघाली, आधी चाचपडत, मग भराभर.

"भिंत आली की ओरडा गं!" ती लांबून म्हणाली.